आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना

स्वदेशात मिळविलेल्या वाहनचालन अनुज्ञप्तीच्या आधारे परदेशात तात्पुरते वाहन चालविता यावे, यासाठी आंतरराष्ट्रीय कराराने ठरवून दिलेल्या नमुन्यात देण्यात येणारा दस्तऐवज. हा परवाना स्वतंत्र अनुज्ञप्ती नसून मूळ अनुज्ञप्तीचे अनेक भाषांतील अधिकृत भाषांतर होय. धारकाचे नाव, जन्मस्थान, जन्मदिनांक, निवासस्थान, छायाचित्र व त्यास जी वाहने चालविण्याचा अधिकार आहे त्यांचे वर्ग एवढाच तपशील त्यात असतो. परक्या देशातील पोलीस अधिकाऱ्यास किंवा वाहन भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकास मूळ अनुज्ञप्तीची भाषा वा लिपी येत नसली, तरी या ठरीव नमुन्यावरून धारकाचा अधिकार ओळखता येतो. मूळ अनुज्ञप्ती सोबत नसल्यास किंवा ती रद्द अथवा कालबाह्य झाली असल्यास या परवान्यास अर्थ उरत नाही.

दिसावयास ही करड्या मुखपृष्ठाची एक लहानशी पुस्तिका असली, तरी तिच्यामागे असलेला प्रश्न महत्त्वाचा आहे. एका राज्याने घेतलेली चालकाची परीक्षा दुसऱ्या राज्याने कितपत ग्राह्य मानावी, हा तो प्रश्न होय. रस्त्यावर वाहन चालविण्याची मुभा देणे म्हणजे इतरांच्या जीविताची जोखीम त्या चालकाच्या हाती सोपविणे. ही मुभा परकीय परीक्षकाच्या शब्दावर देण्यास राज्ये कशी तयार झाली आणि कोणत्या अटींवर तयार झाली, हाच या परवान्याचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : कार्ल बेन्झ यांनी आपल्या मोटारगाडीचे एकस्व १८८६ मध्ये घेतले. गाडीचा आवाज व धूर यांविषयी तक्रारी होऊ लागल्याने त्यांना सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालविण्यासाठी बाडेन संस्थानाच्या अधिकाऱ्यांकडून १८८८ मध्ये लेखी परवानगी घ्यावी लागली. वाहनचालन अनुज्ञप्तीचे हे सर्वांत जुने उदाहरण मानले जाते. या परवानगीत चालकाची परीक्षा मात्र अभिप्रेत नव्हती. चालकाचे कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची पद्धत पॅरिसच्या पोलीस प्रशासनाने १८९३ च्या आदेशाने सुरू केली आणि १० मार्च १८९९ च्या हुकुमान्वये ती सर्व फ्रान्सला लागू झाली. याच हुकुमाने मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० किमी. व वस्तीत ताशी २० किमी. अशी वेगमर्यादा घालण्यात आली. प्रशियात १९०३ मध्ये चालकाची परीक्षा सक्तीची झाली. सर्व जर्मन साम्राज्यासाठी एकच कायदा ३ मे १९०९ रोजी संमत झाला.

ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. तेथील १९०३ च्या मोटारगाडी अधिनियमानुसार १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक चालकास अनुज्ञप्ती घेणे भाग पडले. तथापि पाच शिलिंग शुल्क भरणाऱ्या कोणाही पात्र वयाच्या इसमास ती परीक्षेवाचून मिळत असे. या अनुज्ञप्तीचा उपयोग चालकाची ओळख पटविणे व अपराध केल्यास ती काढून घेणे एवढ्यापुरताच होता. ब्रिटनमध्ये चालकाची परीक्षा १ जून १९३५ पासून सक्तीची झाली. म्हणजेच इंग्लिश खाडीच्या एका बाजूस अनुज्ञप्ती हे कौशल्याचे प्रमाणपत्र होते, तर दुसऱ्या बाजूस ती केवळ नोंदणीची पावती होती. दोन्ही कागदांना एकच नाव असले, तरी त्यांचा अर्थ भिन्न होता. आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या मार्गातील मूळ अडचण हीच होती आणि वेगवेगळ्या स्वरूपांत ती अद्यापि टिकून आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी यूरोपातील मोटारप्रवास सीमापार होऊ लागला होता. सीमेवर चालकास नवी परवानगी काढावी लागे, गाडीस नवा क्रमांक लावावा लागे आणि गाडी त्या देशात विकली जाणार नाही याची हमी म्हणून सीमाशुल्काची रक्कम अनामत ठेवावी लागे. त्याच सुमारास मोटारगाड्यांविषयी लोकांत भीतीही पसरली होती. मे १९०३ मधील पॅरिस–माद्रिद शर्यतीत झालेल्या प्राणघातक अपघातांमुळे फ्रेंच शासनाने ती बॉर्दो येथेच थांबविली. प्रवाशांची सोय आणि जनतेची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी एकत्र साधावयाच्या, तर राज्यांनी एकमेकांशी करार करणे आवश्यक होते. १८९८ मध्ये स्थापन झालेला पर्यटनसंस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ व १९०४ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेला मोटारमंडळांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी अशा कराराचा आग्रह धरला. १९०८ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय रस्ते परिषदेत धोक्याच्या खुणांच्या एकरूपतेचा विचार झाला.

पॅरिस करार, १९०९ : फ्रान्सच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत ११ ऑक्टोबर १९०९ रोजी मोटार वाहनांच्या वाहतुकीविषयीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यावर सह्या करणाऱ्यांत फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, ब्रिटन, इटली, रशिया, स्पेन, पोर्तुगाल, बेल्जियम, नेदर्लंड्स इ. यूरोपीय राष्ट्रे होती. या कराराने ‘आंतरराष्ट्रीय मार्ग-प्रमाणपत्र’ अस्तित्वात आणले. गाडी सुरक्षित असल्याची ग्वाही आणि चालक सक्षम असल्याची ग्वाही या दोन्ही गोष्टी या एकाच दस्तऐवजात समाविष्ट होत्या. त्याची मुदत एक वर्ष होती. चालकाचे वय किमान १८ वर्षे असावे आणि त्याने आपली पात्रता सिद्ध केलेली असावी, ही तत्त्वे याच करारात प्रथम आढळतात. परीक्षेची पद्धत कोणती असावी, याविषयी मात्र करारात काही सांगितलेले नव्हते. ते काम त्या त्या राज्याकडे किंवा राज्याने अधिकार दिलेल्या मोटारमंडळाकडे सोपविण्यात आले. शासनाचे एक कार्य खाजगी संस्थेने करावे, ही या परवान्याबाबत पुष्कळ देशांत आजही दिसणारी प्रथा येथूनच सुरू झाली.

या कराराची आणखी दोन फळे चिरस्थायी ठरली. परदेशात जाणाऱ्या गाडीच्या मागील बाजूस ३० सेंमी. रुंद व १८ सेंमी. उंच अशी लंबगोल पांढरी पाटी लावून तीवर काळ्या अक्षरांत राष्ट्राची खूण लिहावी, असे ठरले. खडबडीत रस्ता, वळण, चौक व लोहमार्गाचे फाटक या चार धोक्यांसाठी चार समान खुणा निश्चित करण्यात आल्या. ज्या चालकास स्थानिक भाषा येत नाही, त्यास चित्रलिपीने सूचना देण्याची ही कल्पना आणि ज्या अधिकाऱ्यास चालकाची भाषा येत नाही, त्याच्यासाठी ठरीव नमुन्याचा दस्तऐवज देण्याची कल्पना, या दोहोंचे मूळ एकच आहे.

पॅरिस करार, १९२६ : पहिल्या महायुद्धात यूरोपातील सीमा बदलल्या, नवी राष्ट्रे उदयास आली आणि मोटारगाड्यांची संख्याही कैक पटींनी वाढली. एकाच गाडीचा एकच चालक हे १९०९ मधील गृहीत आता टिकण्यासारखे नव्हते. एका कुटुंबातील अनेक जण तीच गाडी चालवीत, तसेच चालक परदेशात जाऊन तेथील गाडीही वापरू लागले होते. त्यामुळे २४ एप्रिल १९२६ च्या पॅरिस येथील नव्या कराराने जुन्या प्रमाणपत्राची फोड करून गाडीसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र व चालकासाठी आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना असे दोन स्वतंत्र दस्तऐवज निर्माण केले. आजच्या परवान्याचा प्रत्यक्ष उगम या करारात आहे. धोक्याच्या खुणांसाठी त्रिकोणी आकारही यात स्वीकारण्यात आला. करार १९३० मध्ये अंमलात आला.

या फोडीचे महत्त्व केवळ सोयीपुरते नव्हते. अधिकार गाडीस चिकटलेला नसून व्यक्तीच्या ठायी असतो आणि तिच्याबरोबर सीमेपलीकडे जातो, हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले. परदेशात गेल्यावर तेथील गाडी भाड्याने घेऊन फिरणे हा जो पर्यटनाचा प्रकार पुढे सर्वत्र रूढ झाला, त्याचा कायदेशीर पाया हाच होय.

अमेरिका खंडातील राष्ट्रांनी १५ डिसेंबर १९४३ रोजी वॉशिंग्टन येथे आपला वेगळा करार केला आणि त्यानुसार आंतर-अमेरिकी वाहनचालन परवाना सुरू केला. त्याचा उपयोग त्या खंडापुरता मर्यादित राहिला.

जिनीव्हा करार, १९४९ : दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या वतीने २३ ऑगस्ट ते १९ सप्टेंबर १९४९ या काळात जिनीव्हा येथे रस्ते व मोटार परिवहन परिषद भरली. १९ सप्टेंबर रोजी संमत झालेला रस्ते वाहतूक करार २६ मार्च १९५२ रोजी अंमलात आला. यूरोपाबाहेरील अनेक राष्ट्रे यात सामील झाल्याने तो खऱ्या अर्थाने जागतिक ठरला. भारत, अमेरिकेची संयुक्त संस्थाने व जपान हे या करारातील सहभागी देश होत.

करारातील चोविसावा अनुच्छेद या विषयाचा गाभा आहे. दुसऱ्या सहभागी राष्ट्राने सक्षमतेच्या पुराव्यानंतर दिलेली वैध अनुज्ञप्ती ज्याच्यापाशी आहे, अशा चालकास पुन्हा परीक्षा न घेता त्या वर्गाचे वाहन चालवू द्यावे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे तत्त्वतः मूळ अनुज्ञप्तीच पुरेशी आहे. तथापि यजमान राष्ट्रास आंतरराष्ट्रीय परवान्याची मागणी करण्याची मुभा ठेवलेली आहे. विशेषतः चालकाच्या देशात अनुज्ञप्ती आवश्यक नसेल किंवा तेथील अनुज्ञप्ती करारातील नमुन्याप्रमाणे नसेल, तेव्हा अशी मागणी करता येते. अनुज्ञप्ती आवश्यक नसलेला देश ही केवळ काल्पनिक शक्यता नव्हती. बेल्जियममध्ये १९६० च्या दशकापर्यंत सर्वसाधारण चालकास अनुज्ञप्तीची आवश्यकता नव्हती. चालकाने गंभीर अपराध केल्यास यजमान राष्ट्र त्याचा वाहन चालविण्याचा अधिकार काढून घेऊ शकते. तसेच एक वर्षाहून अधिक काळ सलग राहणाऱ्यास या सवलती देण्याचे बंधन राष्ट्रांवर नाही.

परवान्याचा नमुना कराराच्या दहाव्या परिशिष्टात दिलेला आहे. पुस्तिकेचा आकार १४८ × १०५ मिमी., मुखपृष्ठ करडे आणि आतील पृष्ठे पांढरी असतात. शेवटचे पृष्ठ फ्रेंच भाषेत असते व इतर पृष्ठांवर तोच मजकूर अन्य भाषांत दिलेला असतो. वाहनांचे पाच वर्ग रोमन अक्षरांनी दर्शविलेले आहेत. ‘ए’ वर्गात मोटारसायकली व हलकी तीनचाकी वाहने; ‘बी’ वर्गात चालकाखेरीज अधिकाधिक आठ आसनांची प्रवासी वाहने अथवा ३,५०० किग्रॅ. पर्यंतच्या कमाल वजनाची मालवाहू वाहने. ‘सी’ वर्गात त्याहून जड मालवाहू वाहने. ‘डी’ वर्गात आठांहून अधिक आसनांची प्रवासी वाहने आणि ‘ई’ वर्गात जोडवाहन ओढणारी वाहने येतात. ज्या वर्गासमोर शिक्का असेल, तोच अधिकार धारकास मिळतो. परवान्याची मुदत दिल्या दिनांकापासून एक वर्ष असते.

व्हिएन्ना करार, १९६८ : वाढती वाहतूक व वाढते अपघात ध्यानी घेऊन ७ ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर १९६८ या काळात व्हिएन्ना येथे भरलेल्या परिषदेत रस्ते वाहतूक व रस्त्यावरील चिन्हे यांविषयी दोन करार संमत झाले. रस्ते वाहतुकीचा करार २१ मे १९७७ रोजी अंमलात आला. त्यात आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत अधिकाधिक तीन वर्षे, किंवा मूळ अनुज्ञप्ती त्यापूर्वी संपत असेल तर तिथपर्यंत, अशी ठरविण्यात आली. पुढे २०११ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्त्यांनी मूळ अनुज्ञप्तीचा नमुना अधिक काटेकोर केला, चालकाचे नेहमीचे वास्तव्य ज्या देशात आहे त्यानेच परवाना द्यावा असा निर्बंध घातला आणि परवाना मूळ अनुज्ञप्तीसोबतच ग्राह्य धरावा, हे स्पष्ट केले. या दोन निर्बंधांचा रोख उघड आहे. स्वदेशात अपात्र ठरलेल्या व्यक्तीने अन्य देशातून परवाना मिळवून पुन्हा रस्त्यावर यावे, ही पळवाट त्यामुळे बंद होते.

करारांची विविधता व तिचे परिणाम : नवा करार झाल्याबरोबर जुना नाहीसा झाला असता, तर एकच नमुना राहिला असता. प्रत्यक्षात तसे घडले नाही. नवा करार जुन्याची जागा घेतो तो केवळ त्यात सामील झालेल्या राष्ट्रांच्या परस्परसंबंधांपुरता. जी राष्ट्रे त्यात आली नाहीत, त्यांना जुनाच करार लागू राहतो. त्यामुळे १९२६, १९४९ व १९६८ चे नमुने एकाच वेळी प्रचारात राहिले आणि दोन देशांमध्ये समाईक करार कोणता, यावर प्रवाशाचा अधिकार अवलंबून राहू लागला.

याचे ठळक उदाहरण जपान व जर्मनी यांचे आहे. जपान केवळ १९४९ च्या नमुन्याचा परवाना ग्राह्य मानतो. जर्मनी १९२६ व १९६८ च्या करारांत सामील आहे. परंतु १९४९ च्या करारात नाही. परिणामी कडक परीक्षेसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मनीचा आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये निरुपयोगी ठरतो. ही अडचण दूर करण्यासाठी जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड इ. काही देशांच्या चालकांना मूळ अनुज्ञप्ती व तिचे अधिकृत जपानी भाषांतर यांच्या आधारे वाहन चालविण्याची मुभा जपानने आपल्या कायद्याने दिली आहे. चीनच्या मुख्य भूमीवर कोणत्याही नमुन्याचा आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही, तेथे स्थानिक अनुज्ञप्तीच घ्यावी लागते. हाँगकाँग व माकाऊ येथे मात्र १९४९ चा करार लागू आहे.

ब्रिटनचा अनुभवही बोधप्रद आहे. यूरोपीय समुदायाने १९८० च्या निर्देशाने अनुज्ञप्तीचा समान नमुना सुचविला आणि १९९१ च्या निर्देशाने सदस्य राष्ट्रांच्या अनुज्ञप्त्यांना परस्पर मान्यता दिली. ती जुलै १९९६ पासून लागू झाली. त्यामुळे ब्रिटिश चालकास यूरोपात आंतरराष्ट्रीय परवान्याची गरज राहिली नव्हती. यूरोपीय संघातून बाहेर पडण्याचा निर्णय झाल्यावर ही मान्यता कायम राहील की नाही, याची शाश्वती उरली नाही. ब्रिटनने अर्धशतकापूर्वी सही केलेल्या १९६८ च्या कराराचे अनुसमर्थन २०१८ मध्ये केले व २८ मार्च २०१९ पासून तो तेथे अंमलात आला. फ्रान्स १९६८ चा, स्पेन १९४९ चा आणि लिख्टेनश्टाइन १९२६ चा नमुना मागेल, अशी शक्यता असल्याने ब्रिटिश टपाल कार्यालयांतून २०१९ मध्ये तीनही प्रकारचे परवाने देण्यात येऊ लागले. गाडीने फ्रान्समार्गे स्पेनला जाणाऱ्यास दोन परवाने जवळ ठेवावे लागतील, असे तेव्हा सांगण्यात येत होते. पुढे वाटाघाटी होऊन बहुतेक यूरोपीय देशांनी ब्रिटिश अनुज्ञप्ती मान्य केल्याने हा प्रसंग टळला. परस्परविश्वास असला म्हणजे परवान्याची आवश्यकता राहत नाही आणि तो डळमळला की ती पुन्हा निर्माण होते, हे या घटनाक्रमावरून दिसते.

भारतातील स्थिती : भारतात प्रारंभी प्रांतिक कायद्यांनी मोटारगाड्यांचे नियमन होत असे. सर्व ब्रिटिश हिंदुस्थानसाठी पहिला मोटार वाहन अधिनियम १९१४ मध्ये झाला. त्यानंतर १९३९ चा व पुढे १९८८ चा अधिनियम आला. १९८८ चा अधिनियम १ जुलै १९८९ पासून लागू आहे. परदेशी जाणाऱ्या चालकांना प्रवासपत्रे देणे आणि परदेशातून तात्पुरत्या आलेल्या वाहनांचे नियमन करणे यांसाठी १९३३ मध्ये आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे नियम करण्यात आले होते. यासंबंधी नियम करण्याचा केंद्र शासनाचा अधिकार १९८८ च्या अधिनियमातील कलम १३९ मध्ये नमूद आहे. भारताने १९४९ च्या जिनीव्हा कराराचे अनुसमर्थन १९६२ मध्ये केले. त्यामुळे भारतात मिळणारा परवाना या कराराच्या नमुन्याचा व एक वर्ष मुदतीचा असतो. तो प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून देण्यात येतो. मुंबईत १९१९ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनसारख्या मोटारमंडळांनीही परदेशी मोटारप्रवासाची कागदपत्रे पुरविण्याचे काम दीर्घकाळ केले आहे.

व्यवहारात या व्यवस्थेत काही उणिवा आढळून आल्या. निरनिराळ्या राज्यांतून दिल्या जाणाऱ्या परवान्यांचा आकार, रंग व मांडणी यांत एकवाक्यता नव्हती आणि त्यामुळे परदेशात भारतीय नागरिकांना अडचणी येत. ज्या दस्तऐवजाचे सर्व मूल्य त्याच्या ठरीव नमुन्यात आहे, त्याच्याच नमुन्यात भेद असणे ही मोठी विसंगती होती. केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाने २६ ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने सर्व देशासाठी एकच आकार, रंग व मांडणी निश्चित केली आणि पडताळणीसाठी सांकेतिक चौकोनी चिन्हाची तरतूद केली. निरनिराळ्या करारांतील वाहनवर्ग आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील वर्ग यांची तुलनाही त्यात देण्यात आली. अशी तुलना आवश्यक होती; कारण भारतीय कायद्यातील ‘हलके मोटार वाहन’ ७,५०० किग्रॅ. पर्यंतचे असू शकते, तर करारातील ‘बी’ वर्गाची मर्यादा ३,५०० किग्रॅ. आहे. भारतात कायदेशीरपणे चालविता येणारे एखादे वाहन परदेशात त्याच अनुज्ञप्तीच्या धारकास चालविता येईलच, असे नाही.

परदेशात असतानाच परवान्याची मुदत संपल्यास तो पुन्हा मिळविण्याची सोय पूर्वी नव्हती. शिक्षण व नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्यांना याचा विशेष त्रास होई. ७ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने भारतीय वकिलातींमार्फत अर्ज करण्याची तरतूद झाली. त्याच वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र व प्रवेशपत्र (व्हिसा) सादर करण्याची अट काढून टाकण्यात आली. वैध अनुज्ञप्ती असलेल्यास नव्याने वैद्यकीय प्रमाणपत्र मागण्याचे कारण नव्हते आणि कित्येक देश प्रवेशपत्र पोहोचल्यावरच देत असल्याने ते अगोदर सादर करणे अशक्य होते.

भारतात येणाऱ्या परकीयांसही हीच तत्त्वे लागू पडतात. गोव्यात पर्यटक मोठ्या प्रमाणावर दुचाकी वाहने भाड्याने घेतात. मायदेशी केवळ मोटारगाडीची अनुज्ञप्ती असलेल्या पर्यटकाच्या परवान्यात ‘ए’ वर्गासमोर शिक्का नसतो. अशा व्यक्तीने दुचाकी चालविणे म्हणजे अनुज्ञप्तीवाचून वाहन चालविणेच होय. याच कारणाने आग्नेय आशियात किंवा अन्यत्र स्कूटर भाड्याने घेणारा भारतीय पर्यटकही अडचणीत येऊ शकतो.

मर्यादा : आंतरराष्ट्रीय परवान्याविषयी काही गैरसमज रूढ आहेत. तो दाखविला म्हणजे सर्व जगात वाहन चालविता येते, हा पहिला गैरसमज होय. यजमान देश कोणत्या करारात आहे, तेथील किमान वय किती आहे व मूळ अनुज्ञप्तीवरील अटी कोणत्या आहेत, यांवर तो अधिकार अवलंबून असतो. दुसरा गैरसमज मुदतीचा आहे. परवाना एक वर्षाचा असला, तरी धारक त्या देशाचा रहिवासी होताच त्याचा उपयोग बहुधा संपतो. आखाती देशांत नोकरीसाठी जाणारे भारतीय निवासाचा परवाना मिळताच स्थानिक अनुज्ञप्ती घेण्यास बांधले जातात, ते यामुळेच. ब्रिटनमध्ये नव्याने राहावयास आलेल्या व्यक्तीस परदेशी अनुज्ञप्तीवर बारा महिने वाहन चालविता येते. त्यानंतर तेथील अनुज्ञप्ती आवश्यक असते. जपानमध्ये मुदत संपण्यापूर्वी अल्पकाळ देशाबाहेर जाऊन नवा परवाना आणण्याची युक्ती काही रहिवासी करीत. तिला आळा घालण्यासाठी तेथील कायद्याने तीन महिने देशाबाहेर वास्तव्याची अट घातली.

तिसरी गोष्ट विम्याची. अपघात झाल्यावर चालकाकडे त्या वाहनवर्गाचा वैध अधिकार नव्हता असे ठरल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते किंवा दिलेली रक्कम चालकाकडून वसूल करू शकते. रस्त्यावरील तपासणीत किरकोळ दंडावर निभावणारी त्रुटी अशा वेळी धारकास आयुष्यभराच्या कर्जात लोटू शकते आणि अपघातग्रस्त व्यक्तीसही त्याची झळ पोहोचते. चौथी गोष्ट बनावट दस्तऐवजांची. ‘आंतरराष्ट्रीय अनुज्ञप्ती’ या नावाने दहा-दहा वर्षे मुदतीची आकर्षक पत्रे विकणाऱ्या खाजगी संस्था अनेक देशांत आढळतात. शासनाने अधिकार न दिलेल्या संस्थेच्या पत्रास कायद्याने काहीही किंमत नाही. करारांत आंतरराष्ट्रीय ‘अनुज्ञप्ती’ असा कोणताही दस्तऐवज नाही, हे लक्षात ठेवल्यास अशी फसवणूक टळू शकेल.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा म्हणजे हा परवाना चालकाच्या अंगी नसलेले कौशल्य देऊ शकत नाही. १९४९ च्या कराराने प्रत्येक देशात सर्वत्र एकाच बाजूने वाहतूक असावी असे सांगितले. पण ती बाजू डावी की उजवी, हे प्रत्येक देशावर सोपविले. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी सर्व वाहतूक डावीकडून उजवीकडे आणली, ती शेजारील देशांशी मेळ राहावा म्हणूनच. भारतात डाव्या बाजूने वाहन चालविण्याची परीक्षा दिलेला चालक उजव्या बाजूच्या देशात उतरतो, तेव्हा कागदावर त्याचा अधिकार पूर्ण असतो. परंतु चौकातील त्याच्या अंगवळणी पडलेल्या हालचाली विरुद्ध दिशेच्या असतात. बर्फाच्छादित रस्ते, अतिवेगवान महामार्ग व अपरिचित अग्रक्रमाचे नियम यांचीही त्याच्या परीक्षेत दखल घेतलेली नसते.

आनुषंगिक व्यवस्था : चालकाच्या परवान्याच्या जोडीने वाहनासाठी वेगळी व्यवस्था विकसित झाली. आपले वाहन परदेशी नेणाऱ्यास सीमाशुल्क न भरता ते तात्पुरते नेता यावे, म्हणून मोटारमंडळांच्या हमीवर ‘कार्ने’ नावाचे सीमापत्र देण्यात येते. खाजगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीसंबंधी ४ जून १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे करार झाला. यूरोपात विम्याच्या परस्पर मान्यतेसाठी ‘हरितपत्र’ पद्धती १९५३ मध्ये सुरू झाली. लंबगोल राष्ट्रखुणेची १९०९ मधील प्रथाही टिकून आहे. भारताची खूण ‘आयएनडी’ ही असून ब्रिटनने आपली ‘जीबी’ ही खूण सप्टेंबर २०२१ मध्ये बदलून ‘यूके’ केली.

सद्यःस्थिती व मूल्यमापन : मूळ अनुज्ञप्त्या आता बहुतेक देशांत समान मांडणीच्या प्लॅस्टिक पत्रांच्या स्वरूपात मिळतात. त्यांवरील वर्गांच्या खुणा व चित्रे भाषेवाचून समजू शकतात. दूरध्वनी संचावर बाळगावयाच्या अनुज्ञप्तीसाठी आंतरराष्ट्रीय मानक २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे भाषांतराची पुस्तिका कालबाह्य होईल, असे मत मांडले जाते. भाषांतराची अडचण यंत्राने सुटण्यासारखी आहे, यात शंका नाही. परंतु या परवान्यामागील मूळ प्रश्न केवळ भाषेचा कधीच नव्हता. एका देशाने चालकाची परीक्षा किती प्रामाणिकपणे घेतली, हे त्याच्या अनुज्ञप्तीच्या कागदावरून कळत नाही, तसेच ते पडद्यावरील अक्षरांवरूनही कळणार नाही. ब्रिटनने १९०९ मध्ये परीक्षेवाचून दिलेली अनुज्ञप्ती आणि फ्रान्सने परीक्षेनंतर दिलेली अनुज्ञप्ती यांतील अंतर आजही निरनिराळ्या देशांत, किंबहुना एकाच देशातील निरनिराळ्या कार्यालयांतही आढळते. जेथे परीक्षा खरोखर घेतली जाते, तेथील नागरिकाचा शब्द परक्या रस्त्यावर मानला जातो. जेथे ती नाममात्र असते, तेथील सच्च्या व कुशल चालकासही परदेशात पुन्हा परीक्षेस बसावे लागते. आंतरराष्ट्रीय परवान्याची प्रतिष्ठा अशा रीतीने शेवटी स्वदेशातील परीक्षेच्या मैदानावरच ठरते.